टेबलाचे रकाने बदलले, पण सांगितलं कुणाला?

१८ नोव्हेंबर २०२५ ला संध्याकाळी पाचच्या आसपास तुम्ही एक्स किंवा चॅटजीपीटी उघडायला गेला असाल तर आठवत असेल, साइट उघडतच नव्हती, नुसती एरर आणि त्यात क्लाउडफ्लेअर हे नाव. जगभरातल्या असंख्य साइट्सचा ट्रॅफिक या कंपनीच्या मशीन्समधून जातो हे बऱ्याच जणांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सुरुवातीला त्यांच्या स्वतःच्या इंजिनियर लोकांनाही वाटलं की मोठा सायबर हल्ला झालाय. नंतर त्यांनी जे कारण लिहून सांगितलं ते वाचून डेटाबेसवर काम करणाऱ्या माझ्यासारख्यांच्या पोटात गोळा आला, कारण ते फार ओळखीचं होतं.

झालं होतं असं की त्यांचा एक प्रोग्राम दर पाच मिनिटांनी डेटाबेसला विचारायचा, "या टेबलात कोणकोणते कॉलम आहेत?", आणि जी यादी येईल त्यावरून एक फाइल बनवून सगळ्या मशीन्सना पाठवायचा. त्या दिवशी कोणीतरी परमिशन बदलल्या, चांगल्या हेतूनेच, आणि त्यामुळे तेच कॉलम आणखी एका जागेवरून दिसायला लागले. प्रश्न विचारताना "कुठल्या डेटाबेसमधले" हे सांगितलेलंच नव्हतं, मग यादीत नावं परत परत आली, फाइल फुगली, आणि ती वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जास्तीत जास्त २०० नोंदींची मर्यादा होती ती ओलांडल्यावर ते सॉफ्टवेअर कोसळलं. मूळ टेबलात एक कॉलमसुद्धा वाढला नव्हता, फक्त कॉलमची यादी वेगळी दिसली, आणि तेवढ्यावर इतकं सगळं झालं.

टेबलाचं स्ट्रक्चर बदललं तर ते वेळेत कळायचं कसं, हा विषय म्हणूनच मला सगळ्यांसाठी लिहावासा वाटला, फक्त प्रोग्रामर लोकांसाठी नाही. बँक, दवाखाना, शाळा, पतसंस्था, सगळीकडे मागे एक डेटाबेस असतोच.

## आधी सातबारा डोळ्यासमोर आणा

सातबाऱ्यावर खातेदाराचं नाव, क्षेत्र, आकार, पिकं असे रकाने ठरलेले असतात. जमीन विकली आणि नाव बदललं तर रकान्यातली माहिती बदलली, फॉर्म तोच राहिला. पण समजा उद्या ठरलं की फॉर्ममध्ये नवा रकाना घालायचा, किंवा क्षेत्र हेक्टर-आरऐवजी चौरस मीटरमध्ये लिहायचं, तर फॉर्मच बदलला. डेटाबेसच्या टेबलाचं अगदी हेच आहे. ओळी म्हणजे माहिती, आणि कोणते कॉलम, कुठल्या नावाचे, त्यात आकडा बसणार की तारीख की मजकूर, हा झाला फॉर्म. या फॉर्मला स्कीमा म्हणतात. आणि स्कीमा बदलणाऱ्या कमांड असतात, टेबल बनव, कॉलम घाल, कॉलम काढ, त्यांना डीडीएल म्हणतात. एवढे दोन शब्द लक्षात ठेवा, बाकी मी साध्या भाषेतच बोलतो.

आता गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखी गोष्ट बघा. सातबाऱ्यावर एक नाव बदलायचं तर तलाठी फेरफार वहीत नोंद धरतो, ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस जाते, चावडीवर लागते, हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. एका नावासाठी एवढी पद्धत लावून ठेवलीय. आणि डेटाबेसमध्ये आख्खा फॉर्म बदलतो तेव्हा बहुतेक ठिकाणी कोणाला काहीच कळवलं जात नाही, हे मला मनापासून खटकतं.

## "एक रकाना बदलला तर कुणाचं काय बिघडतं?"

एका टेबलावर किती जण अवलंबून असतात याचा अंदाज टेबल बनवणाऱ्यालाही नसतो. मुख्य ॲप असतं, मोबाइल ॲप असतं, रात्री चालणारे रिपोर्ट असतात, कोणीतरी एक्सेलमध्ये थेट डेटा ओढून घेतलेला असतो, ऑडिटरला जाणारी फाइल असते. यातल्या काहींना कॉलमचं नाव बदललं की लगेच एरर येते. ते परवडलं, कारण आरडाओरडा होतो आणि दुरुस्ती होते. निव्वळ कॉलम वाढवल्यानेही मोडतं बरं का, पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये "सगळे कॉलम दे" अशी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, आधीच तयार करून ठेवलेली असेल तर कॉलम वाढल्यावर "कॅश्ड प्लॅन मस्ट नॉट चेंज रिझल्ट टाइप" अशी एरर येते आणि नवीन माणूस तासभर त्याच्याकडे बघत बसतो.

खरी भीती गप्प बसणाऱ्या चुकांची. काही वर्षांपूर्वी मी एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरवर काम करत होतो. आमच्यातल्या एका मुलाच्या स्क्रीनवर दोन विंडो उघड्या होत्या, एक टेस्टची (चाचणीच्या डेटाबेसची) आणि एक लाइव्हची (खऱ्या, चालू डेटाबेसची), आणि त्याने ठेवींच्या टेबलात व्याजदराचा कॉलम दशांशातून पूर्णांकात बदलला, टेस्ट समजून लाइव्हवर. डेटाबेसने तक्रार केली नाही, सगळे दर राउंड करून टाकले. ८.७५ चे ९ झाले, ८.२५ चे ८. एकाही ॲपमध्ये एरर नाही, सगळे स्क्रीन चालू, रोजचं व्याज रोज मोजलं जातंय. अकरा दिवसांनी एक आजोबा पासबुक आणि ठेवीची पावती घेऊन काउंटरवर आले, कागदावर पेन्सिलने हिशोब मांडलेला, आणि म्हणाले "ताई, हे जुळत नाही, मी दोनदा करून बघितलं". आजोबांचं बरोबर होतं. जुन्या बॅकअपमधून दर परत आणून, अकरा दिवसांचं व्याज नव्याने मोजून, मधल्या काळात उघडलेली खाती वेगळी काढून ते निस्तरायला आम्हाला जवळजवळ एक आठवडा लागला. त्या मुलाला मी आजही दोष देत नाही, दोन विंडो कोणाच्याही उघड्या असतात. पण तो बदल झाल्यावर पाच मिनिटांत आमच्या ग्रुपवर "ठेवी टेबलाचं स्ट्रक्चर बदललं" एवढा एक मेसेज आला असता तर आजोबांना ती पेन्सिल उचलावी लागली नसती.

## डेटाबेसला सगळं माहीत असतं, आपण विचारत नाही

टेबलं आणि कॉलम यांची यादी डेटाबेस स्वतःच्याच आत, टेबलांच्याच रूपात ठेवतो. रिलेशनल म्हणजे टेबलांच्या रूपातल्या डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या एडगर कॉड यांनी १९८५ मध्ये जे नियम लिहिले त्यातला चौथा नियम हाच की डेटाबेसची स्वतःबद्दलची माहितीसुद्धा साध्या क्वेरीने वाचता आली पाहिजे. याला कॅटलॉग म्हणतात. आज पोस्टग्रेस असो, मायएसक्यूएल असो की एसक्यूएल सर्व्हर, 'इन्फर्मेशन स्कीमा' नावाच्या जागेत जाऊन तुम्हाला परवानगी असलेल्या कुठल्याही टेबलाचे कॉलम विचारू शकता.

म्हणून सगळ्यात सोपा उपाय असा की दर दहा मिनिटांनी एक छोटी स्क्रिप्ट ही यादी घेईल, मागच्या वेळच्या यादीशी ताडून बघेल आणि फरक दिसला तर मेसेज टाकेल. रोज चावडीवर जाऊन नवीन कागद लागलाय का बघून येण्यासारखं. हे कुठल्याही डेटाबेसवर चालतं, ती टेबलं बघण्यापुरती परवानगी असली की पुरते, आणि आज तुमच्याकडे काहीच नसेल तर इथूनच सुरू करा असं मी म्हणेन. यादीत डेटाबेसचं आणि स्कीमाचं (इथे स्कीमा म्हणजे फॉर्म नव्हे, डेटाबेसमधला टेबलांचा कप्पा) नाव मात्र नक्की घ्या, नाहीतर क्लाउडफ्लेअरच्या त्या प्रोग्रामसारखं एकाच नावाची दोन टेबलं एकमेकांत मिसळतील.

या पद्धतीत तीन गोष्टी हातून सुटतात. एक म्हणजे कोणी केलं ते कळत नाही. दुसरं, दोन फेऱ्यांच्या मध्ये कोणी बदल करून परत पूर्ववत केला तर पत्ताच लागत नाही. आणि तिसरं म्हणजे नाव बदलणं, 'मोबाइल' कॉलमचं नाव 'फोन' केलं तर यादीवरून वाटतं एक कॉलम गेला आणि एक नवा आला. पोस्टग्रेसमध्ये यावर तोड आहे, तिथे प्रत्येक कॉलमला आतून एक नंबर असतो आणि नाव बदललं तरी नंबर तोच राहतो, त्यामुळे नावाऐवजी नंबर धरून ताडलं की माणूस तोच आहे, फक्त नाव बदललंय हे कळतं.

## बदल झाला त्याच क्षणी कळण्यासाठी

ट्रिगर म्हणजे "असं झालं की तसं कर" ही डेटाबेसलाच देऊन ठेवलेली सूचना. ओळी बदलल्यावर चालणारे ट्रिगर खूप जुने आहेत. फॉर्म बदलल्यावर चालणारे ट्रिगर पोस्टग्रेसमध्ये २०१३ साली ९.३ व्हर्जनमध्ये आले, त्यांना इव्हेंट ट्रिगर म्हणतात. आज त्यांच्यात तीन प्रसंग आपल्या कामाचे. डीडीएल कमांड संपल्यावर एक, काहीतरी काढून टाकल्यावर एक, आणि आख्खं टेबल नव्याने लिहिलं जाणार असेल तर त्याच्या अगदी आधी एक.

पहिले दोन वेगळे का लागतात हा प्रश्न मला पण पडला होता. पहिल्यामध्ये 'कुठल्या टेबलावर कुठली कमांड चालली' हे विचारायची सोय ९.५ पासून आहे, पण काढून टाकलेल्या गोष्टी त्या यादीत येत नाहीत, त्यांच्यासाठी दुसराच लावावा लागतो. कॉलम काढला तरी तो दुसरा वाजतो. आणि तिसरा, तो आमच्या पतसंस्थेसाठी सोन्यासारखा ठरला असता, कारण दशांशाचा पूर्णांक करताना पोस्टग्रेस आख्खं टेबल नव्याने लिहितं, म्हणजे त्या क्षणाच्या आधी ट्रिगर वाजला असता आणि त्यात "हे टेबल असं बदलता येणार नाही" एवढी एरर टाकून ठेवली असती तर बदल तिथेच थांबला असता, एकही दर राउंड झाला नसता.

एक मर्यादा सांगून ठेवतो. पहिला ट्रिगर तुम्हाला सांगतो की ठेवी टेबलावर 'ऑल्टर टेबल' (टेबल बदलायची कमांड) चाललं, पण नेमका कुठला कॉलम कशातून कशात गेला हे सरळ हातात देत नाही. त्यासाठी चाललेल्या क्वेरीचा मजकूर साठवायचा किंवा आधीच्या यादीशी ताडायचं. म्हणजे ती दहा मिनिटांची स्क्रिप्ट वाया जात नाही, फक्त आता तिला कधी पळायचं ते कळतं. आणि तात्पुरती टेबलं, जी रिपोर्ट चालवताना बनतात आणि मिटतात, ती गाळायला विसरू नका. आम्ही विसरलो होतो आणि पहिल्याच रात्री मोबाइल मेसेजनी भरून गेला.

## दवंडी पण हवी आणि वही पण

ट्रिगर वाजला, आता सांगायचं कसं? पोस्टग्रेसमध्ये नोटिफाय आणि लिसन अशी जोडी आहे. नोटिफाय म्हणजे दवंडी पिटणं, लिसन म्हणजे कान देऊन बसणं. दवंडी बदल पक्का झाल्यावरच पिटली जाते, बदल रद्द झाला तर नाही, त्यामुळे खोटी खबर येत नाही. निरोप ८००० बाइटपेक्षा लहानच हवा, म्हणून त्यात फक्त टेबलाचं नाव आणि कमांड घाला. पोस्टग्रेस्ट नावाचं एक साधन हेच वापरतं, ते टेबलांवरून आपोआप वेब एपीआय, म्हणजे इतर प्रोग्रामना इंटरनेटवरून माहिती मागायची खिडकी, बनवतं, आणि टेबलं बदलली की त्याला दवंडीने "स्कीमा परत वाच" सांगितलं जातं.

पण दवंडी पिटली तेव्हा तुम्ही गावात नसाल तर? लिसन करणारा प्रोग्राम त्या वेळी बंद असेल तर निरोप गेला, परत मिळत नाही. मध्ये पीजीबाउन्सरसारखा कनेक्शन वाटून देणारा प्रोग्राम असेल आणि तो ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का किंवा एकत्रच रद्द होणारा कामांचा गठ्ठा) मोडमध्ये असेल तर लिसन नीट चालतच नाही, कनेक्शन दर वेळी दुसऱ्याच्या हातात जातं. म्हणून माझं ठाम मत आहे की एकट्या दवंडीवर कधीच अवलंबून राहू नये. ट्रिगरने आधी एका साध्या टेबलात नोंद करायची, वेळ, कोण, कुठलं टेबल, कुठली कमांड, क्वेरीचा मजकूर. हीच आपली फेरफार वही. नोंद त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये होते, म्हणजे बदल पक्का तर नोंद पक्की आणि बदल रद्द तर नोंदही रद्द. मग दवंडी. ऐकणारा प्रोग्राम चालू झाला की आधी वहीतल्या न वाचलेल्या नोंदी वाचेल आणि मग कान देऊन बसेल.

ट्रिगरच्या आतून ईमेल किंवा एसएमएस मात्र कधीही पाठवू नका, मी हे हात जोडून सांगतो. टेबल बदलताना त्याला मोठं कुलूप लागलेलं असतं, वाचणारेसुद्धा बाहेर थांबलेले असतात, आणि तेवढ्यात ईमेल सर्व्हर उत्तर द्यायला तीस सेकंद लावत असेल तर तेवढा वेळ आख्खी पतसंस्था थांबते. शिवाय ट्रिगरमध्ये एरर आली की मूळ बदलही रद्द होतो. आत फक्त नोंद आणि दवंडी, बाकीचं काम बाहेरच्या प्रोग्रामने करायचं.

## आमच्याकडे पोस्टग्रेस नाही

एसक्यूएल सर्व्हरमध्ये डीडीएल ट्रिगर २००५ च्या व्हर्जनपासून आहेत, आणि तिथे कमांडचा पूर्ण मजकूर, कोणी चालवली, कधी, हे सगळं एकदम मिळतं. ओरॅकलमध्येही असे ट्रिगर आहेत. मायएसक्यूएलमध्ये नाहीत, तिथले ट्रिगर फक्त ओळींसाठी. पण मायएसक्यूएल सगळ्या बदलांची एक नोंद ठेवतं, तिला बिनलॉग म्हणतात, आणि त्यात डीडीएल कमांडचा मजकूर असतो. डेबेझियमसारखं साधन ती वाचून स्कीमा बदलल्याचा निरोप पुढे पाठवू शकतं. एसक्यूएलाइट, जे तुमच्या फोनमध्ये आहे, त्यात फाइलच्या सुरुवातीला एक आकडा असतो जो स्कीमा बदलला की वाढतो, तो आकडा वाचत राहा, झालं.

## "आमचे सगळे बदल गिटमध्ये असतात, मग हे कशाला?"

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळतो आणि तो अर्धा बरोबर आहे. बदल मायग्रेशन फाइलमध्ये, म्हणजे स्कीमा बदलणाऱ्या कमांडच्या फाइलमध्ये, लिहून, ती गिटमध्ये (कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारं साधन) ठेवून, कोणीतरी तपासून मगच चालवायचा, हे झालंच पाहिजे. पण गिटमध्ये दिसतं ते काय व्हायला हवं होतं, डेटाबेसमध्ये असतं ते खरंच काय झालं. रात्री दोनला सिस्टिम अडकलेली असताना थेट लाइव्हवर कॉलम घालणारा माणूस फाइल सकाळी लिहीन म्हणतो आणि सकाळी विसरतो. आणि गिट बघणार कोण, तर तुमची टीम. ऑडिटरची फाइल बनवणाऱ्या दुसऱ्या टीमला तुमच्या गिटचा पत्ताही माहीत नसतो.

"मग लाइव्हवर कोणाला परमिशनच देऊ नका" असंही म्हणतात. जरूर कमी करा, आम्ही केल्या. पण शेवटी एक-दोन जणांकडे किल्ली राहतेच, आणि चुका किल्ली असलेल्याच्या हातूनच होतात. इव्हेंट ट्रिगर बनवायलाही पोस्टग्रेसमध्ये सुपरयूजर, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, लागतो, त्यामुळे क्लाउडवर असाल तर आधी तुमच्या प्रोव्हायडरकडे ती सोय आहे का बघा.

डेटाबेस स्लो होईल ही भीती मात्र बाळगू नका. ओळी दिवसात लाख वेळा बदलतात, फॉर्म महिन्यातून चार वेळा, आणि ट्रिगर त्या चार वेळाच चालतो.

## "कळेपर्यंत उशीर झालेला असतो ना?"

हो. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. बदल झाल्यावर आलेला मेसेज अकरा दिवसांचं नुकसान पाच मिनिटांवर आणतो, पण शून्यावर नाही. त्यासाठी बदल करण्याचीच पद्धत बदलावी लागते. कॉलमचं नाव बदलायचं असेल तर आधी नवा कॉलम जुन्याच्या शेजारी घाला, काही दिवस दोन्हींमध्ये माहिती लिहा, सगळ्यांना सांगा, कोण अजून जुना वाचतंय ते बघा, आणि तिकडचं वाचणं थांबल्यावर जुना काढा. फेरफाराच्या त्या १५ दिवसांसारखंच, हरकत घ्यायला वेळ द्यायचा.

आणि इथे ती वही परत उपयोगी पडते. आम्ही तिच्यात एक जादा रकाना ठेवलाय, 'कुठल्या मायग्रेशनमधून'. तो रिकामा असलेली नोंद आली की मेसेज ग्रुपवर न जाता थेट दोन माणसांच्या फोनवर जातो, बाकीच्या नोंदी रोज सकाळी एकत्र एका मेसेजमध्ये येतात. त्यामुळे मेसेजचा पाऊस पडत नाही आणि फोन वाजला की सगळे खरंच उठतात. गेल्या दिवाळीनंतर तसा तो एकदाच वाजला, सदस्यांच्या टेबलात कोणीतरी आधारचा कॉलम मजकुराचा आकडा करत होतं, म्हणजे शून्याने सुरू होणारे जुने चुकीचे नंबर गुपचूप छोटे झाले असते आणि नंतर शोधताही आले नसते. तिसऱ्या ट्रिगरने तो बदल अडवला, वहीत काहीच नोंद झाली नाही कारण बदलच झाला नाही, पण डेटाबेसच्या लॉगमध्ये एरर पडली आणि तिच्यावर लावलेल्या अलार्मने आम्हाला उठवलं. फोन केला तर पलीकडून पहिलं वाक्य आलं, "अरे, ही टेस्टची विंडो नाहीये का?"